रिकामी पिकअप मागून उडते, नवे शॉकअप टाकूनही फरक नाही

जुन्नरी_रोपं

नमस्कार मंडळी. नारायणगावजवळ आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. टोमॅटो, फ्लॉवर, मिरची, हंगामात झेंडू. रोपं शेतकऱ्याच्या बांधावर पोचवायला एक जुनी पिकअप घेतली आहे. सव्वा टन पासिंग, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे (एकावर एक बसवलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). आधीच्या मालकाकडे ती वीटभट्टीवर चालायची.

अडचण अशी की आमचा माल हलका आणि नाजूक. 104 कप्प्यांचे प्रो-ट्रे, हौद्यात लोखंडी मांडणी, थरावर थर. दोनशे ट्रे भरले तरी वजन चार-साडेचारशे किलोच्या पुढे जात नाही. ओतूरवरून ब्राह्मणवाडा-कोतूळकडे किंवा आणे घाट चढून पारनेरच्या बाजूला गेलं की गाडी मागून अशी आपटते की कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा कप्प्यातून वर उचलला जातो. बारीक मुळं तिथेच तुटतात. वरून रोप हिरवंगार दिसतं, शेतकरी लावतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकतं. मग फोन येतो, "तुमची रोपं खराब निघाली." रोप खराब नव्हतं हो, ते वाटेत मेलं. हे मला मनाला लावून घ्यावं लागतं, कारण समोरच्याचा सगळा हंगाम त्यावर असतो.

लक्षणं सांगतो. लहान खड्डा, डांबराचं ठिगळ, पुलाचा सांधा, कशावरही मागून ठोसा बसतो. सिमेंटच्या रस्त्यावर 60-65 ला गाडी एकसारखी थडथड उड्या मारते, वेग बदलला की कमी होतं. खताच्या पोत्यांनी गाडी भरली की मात्र छान पळते. गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकले. काही फरक नाही. टायर 215/75 आर 15, मागे हवा 65 पीएसआय ठेवतो.

आता काय बघू?

घाटरस्ता

दादा, पिकअप आहे ती, रिकामी उडणारच. मी दुधाची गाडी चालवतो, पहाटे कॅन भरलेले असतात तेव्हा झोप लागेल अशी चालते आणि येताना दात वाजतात. हौद्यात वाळूची चार पोती टाका, मागच्या चाकांच्या थोडी पुढे, आणि दोरीने घट्ट बांधा. सुटी ठेवू नका, ब्रेक मारला की पोतं केबिनवर येतं.

जुन्नरी_रोपं

वाळू टाकून बघितली. थोडं बरं वाटतं पण ठोसा जात नाही. शिवाय तेवढ्या जागेत ट्रे मावत नाहीत.

चाकं_आणि_मी

चाकणला आमचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. माझा पहिला प्रश्न हवेचा. 65 हा आकडा पूर्ण भरलेल्या गाडीचा आहे. चारशे किलोवर तेवढी हवा ठेवली तर टायर दबायचं नावच घेत नाही आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट पाट्याला लागतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर मॅन्युअलमध्ये कोष्टक असतं. त्यात बहुतेक वेळा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. ते वाचा आणि तेच वापरा, माझ्या किंवा कोणाच्या अंदाजाने हवा काढू नका. सकाळी टायर थंड असताना मोजा. आणि खताची फेरी असेल त्या दिवशी आधी हवा भरा. कमी हवेवर टन-सव्वा टन टाकला तर टायरची बाजू तापते आणि उन्हाळ्यात फुटतो. याबाबतीत आळस करू नका.

आणि टायरवर हात फिरवूनही बघा. तळहात टायरच्या नक्षीवरून गोल फिरवा, एकदा पुढे एकदा मागे. चढउतार लागले, म्हणजे एक गठ्ठा उंच, एक खोल असं, तर कळवा.

यंत्रवेडा

पुण्यात वाहनांच्या सस्पेन्शनवरच नोकरी करतो, म्हणून थोडं सविस्तर.

"गाडी उडते" या एका तक्रारीत चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि गॅरेजमध्ये सगळ्यांवर एकच उत्तर मिळतं: शॉकअप बदला. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली झुलत राहिली तर तो शॉकअपचा विषय. झुलत नाही, पण प्रत्येक खड्ड्याला कडक ठोसा बसतो, तर स्प्रिंग, हवा, बुश (पाट्याच्या सांध्यातली रबरी नळी). रस्ता कोणताही असो, ठरावीक वेगालाच थरथर, तर चाक, रिम नाहीतर जॉइंट शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा). आणि मोठ्या खड्ड्यातच धाडकन आवाज, तर पाटा पूर्ण दबून बंप रबरवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आदळतोय.

तुमच्या वर्णनात झुलणं कुठेच नाही. ठोसा आहे, आणि सिमेंटवर ताल धरून उड्या आहेत. म्हणून आधी एक करा. खराब रस्त्यावर पाच-सात किलोमीटर चालवा, थांबा आणि लगेच चारही शॉकअपना हात लावा. सायलेन्सर सांभाळून. शॉकअप धक्क्याची ऊर्जा तेलात जिरवतो, म्हणून काम करणारा शॉकअप कोमट ते गरम लागतो. कोणता गरम, कोणता थंड ते सांगा.

जुन्नरी_रोपं

चाकणच्या ताई, खांबावरचं कोष्टक पुसट झालं होतं, मॅन्युअलमध्ये मिळालं. रिकाम्या गाडीची हवा बरीच कमी आहे. तशी केली. ठिगळांवरचा कर्र असा बारीक खडखडाट लक्षात येण्याइतका कमी झाला. ठोसा मात्र आहेच. नक्षीवर मागच्या डाव्या टायरला चढउतार लागतात, बाकी साफ.

यंत्रवेडा साहेब, पुढचे दोन्ही चांगले कोमट. मागचे दोन्ही गार. अगदी गार, जसे सकाळी होते तसे.

घाटरस्ता

झालं मग! नवे म्हणून डुप्लिकेट माल लावला. शॉकअप मेलेलेच आलेत. बिल घेऊन जा आणि बदलून मागा.

कमानपाटे

थांबा, बदलू नका. संगमनेरला आमचं पाट्यांचं काम आहे, वडिलांपासून.

गार शॉकअपचे दोन अर्थ होतात. एक, शॉकअप मेलाय, आत तेल नाही, दांडी फुकट वरखाली होतेय. दोन, शॉकअप चांगला आहे पण त्याला कोणी हलवतच नाही. दोन्हीत तो गारच राहणार. दोन्ही नवे, दोन्ही एकसारखे गार, आणि गाडी झुलत नाही म्हणताय. मला दुसरं वाटतंय. तुमचे पाटे जाम आहेत.

पाट्याची गंमत अशी की तो एकटा लोखंडाचा तुकडा नाही. पाच-सात पाटे एकमेकांवर बसलेले, गाडी दबली की ते एकमेकांवर सरकतात. मध्ये माती, विटांचा भुगा, गंज भरला की सरकणं बंद. मग सगळे पाटे मिळून एकच जाड कांब होते. मोठं वजन टाकलं की ती कांब नाइलाजाने सुटते आणि वाकते, म्हणून खत भरल्यावर तुमची गाडी छान चालते. हलक्या वजनावर, हलक्या धक्क्यावर ती सुटतच नाही. तेव्हा गाडी पाट्यावर नाही, नुसत्या टायरच्या रबरावर उडत असते. शॉकअप ॲक्सल (दोन्ही चाकांमधला आडवा दांडा) आणि चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मध्ये असतो. टायर उडतोय तिथे तो काय करणार?

खात्री करायला खर्च नाही. चेसिसच्या बाजूला, ॲक्सलच्या बरोबर वर, चुन्याचा पट्टा ओढा. वाळू द्या. ॲक्सलला एक ताठ तार बांधा आणि तिचं टोक वाकवून त्या चुन्यावर हलकं टेकेल असं ठेवा. ब्रेकच्या पाइपला आणि वायरला तार लागणार नाही हे बघा. दोन्ही बाजूंना करा. मग नेहमीच्या रस्त्यावर ट्रे असतात तेवढं वजन टाकून फिरून या. ॲक्सल जेवढा हलला तेवढी रेघ चुन्यावर उठते.

आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. घोडी (लोखंडी स्टँड) लावा, पुढच्या चाकांना दगड लावा.

यंत्रवेडा

कमानपाटे दादांशी शंभर टक्के सहमत, आणि चुन्याची रेघ हे माझ्या ऑफिसातल्या सेन्सरइतकंच खरं बोलतं. रेघेची लांबी कळवा.

जुन्नरी_रोपं

मंडळी, डोळ्यांवर विश्वास बसेना. ब्राह्मणवाड्यापर्यंत जाऊन आलो. उजवीकडे रेघ जेमतेम नखाच्या रुंदीएवढी. डावीकडे त्याहून थोडी मोठी. एका मोठ्या खड्ड्यात आदळलो होतो, तिथली असावी, एकच लांब ओरखडा वेगळा दिसतो. बाकी सगळं त्या नखाएवढ्या जागेत गिरवलेलं.

मग खाली झोपून टॉर्चने पाटे नीट बघितले. पाटे सात आहेत. मॅन्युअलच्या चित्रात सहा दाखवलेत. खालून तिसरा बाकीच्यांपेक्षा जाड आहे, त्याची टोकं गॅसने कापल्यासारखी खडबडीत आहेत, बाकीच्यांची टोकं निमुळती आहेत. पाट्यांना बाजूने धरणाऱ्या ज्या पट्ट्या असतात त्या हातोड्याने ठोकून आवळलेल्या. फटींमध्ये लाल भुगा घट्ट बसलाय, पेचकसने खरवडला तर पापुद्रे निघतात.

कमानपाटे

लाल भुगा विटांचा थोडा आणि गंज जास्त. तो जाड पाटा नंतर घातलेला आहे, यात शंका नाही. वीट, वाळू, ऊस, जिथे वजन मापात नसतं तिथे गाडीवाले सर्रास जादा पाटा टाकून घेतात. आमच्याकडेही येतात मागायला. मी सांगतो की पाटा वाढवला म्हणजे गाडीची ताकद वाढत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तोच, आणि आरसीवरचा आकडाही तोच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 असा दंड आहे. तरी लोक टाकतात. आणि पुढे गाडी विकली की तो पाटा तुमच्यासारख्याच्या गळ्यात.

यंत्रवेडा

याचं गणित मांडतो, कारण ते समजलं की वाळू टाकून पूर्ण फरक का पडत नाही तेही कळतं.

गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावते हे स्प्रिंग वजनाखाली किती दबली यावर ठरतं. 25 सेंमी दबली तर सेकंदाला साधारण 1 हेलकावा. 6 सेंमी दबली तर 2. 4 सेंमीला अडीच. जितकी कमी दबेल तितकी गाडी झपाझप उडेल. मोटारीत आपल्याला जे मऊ वाटतं ते सव्वा-दीडच्या आसपास असतं. माणसाच्या धडाला उभ्या दिशेचे सर्वांत त्रासदायक धक्के सेकंदाला 4 ते 8 या पट्ट्यातले.

आता तुमच्यासारख्या पिकअपमध्ये, कंपनीचे पाटे चांगले मोकळे असतील असं धरू, तर रिकाम्या गाडीत पाटा 3 सेंमीच्या आसपास दबतो आणि पूर्ण भरल्यावर 9 सेंमीच्या. म्हणजे रिकामी असताना सेकंदाला जवळजवळ 3 आणि भरल्यावर दीडपेक्षा थोडे जास्त. टन-सव्वा टन पेलायला बनवलेली स्प्रिंग रिकामी कडक लागणारच, घाटरस्ता म्हणतात ते इथपर्यंत बरोबर. पण जादा पाट्याने ती आणखी कडक झाली, आणि जाम झाल्यावर तर स्प्रिंग खेळातूनच बाहेर गेली. उरला टायर. नुसत्या टायरवर उडणारी रिकामी पिकअप सेकंदाला 4 च्या पुढे जाते, आणि टायरला स्वतःचा शॉकअप नसतो. म्हणून एकदा सुरू झालं की थांबत नाही.

तुमच्या सिमेंटच्या कोड्याचं उत्तरही यातच आहे. आपल्याकडे काँक्रीट रस्त्याचे सांधे साधारण 4.5 मीटरवर असतात. 65 च्या वेगाला तुम्ही सेकंदाला 18 मीटर जाता, म्हणजे सेकंदाला 4 सांधे. गाडीचा ताल 4, रस्त्याचा ताल 4. झोपाळ्याला प्रत्येक वेळी बरोबर क्षणी धक्का मिळावा तसं. 80 ला गेलात की रस्त्याचा ताल 5 च्या जवळ जातो आणि जुळणी मोडते.

रिव्हरसाइडकर

मी मूळचा जुन्नरचाच, आता दक्षिण कॅलिफोर्नियात. हे वाचून राहवलं नाही. इथले जुने फ्रीवे काँक्रीटचे आहेत आणि रिकाम्या मोठ्या पिकअपवाल्यांची ही रोजची तक्रार आहे. त्याला इथे "फ्रीवे हॉप" म्हणतात. माझ्या गाडीला नवे महाग शॉकअप टाकूनही एका ठरावीक वेगाला कॉफी सांडायची. मला इथल्या लोकांनी हवा कमी करायला आणि हौद्यात वजन टाकायला सांगितलं. पाटे सरकतात की नाही हे बघायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. या शनिवारी चुना नाही, खडू वापरून बघतो.

जुन्नरी_रोपं

कमानपाटे दादा, मग काम नेमकं काय काय करायचं? मी गाडी घेऊन संगमनेरला येऊ शकतो, पण इथल्या कोणाकडून करून घेणाऱ्यांनाही उपयोग होईल असं लिहाल का?

कमानपाटे

लिहितो. गाडी कुठेही करा, समोर उभे राहून करून घ्या.

आधी उतरवण्यापूर्वी माप घ्या. पुढच्या पिनपासून ॲक्सलपर्यंत, दोन्ही बाजूंना. दोन्ही आकडे सारखे नसतील तर सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध जोडणारा बोल्ट) तुटून ॲक्सल सरकलाय. अशी गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते आणि मागचे टायर खाते.

पाटे खाली आले की सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावायचे. पाट्यांत ताण असतो, नुसता नट सोडला तर पाटे उसळून हात मोडतो. हे काम घरी करायच्या भरीला पडू नका.

सुटे झाल्यावर प्रत्येक पाटा ब्रशने घासून सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि डोळ्याच्या (टोकाला पिन बसते त्या गोल वळ्याच्या) वळणात बारकाईने बघायचा. चीर तिथेच जाते. तुटलेल्या पाट्याचं तोंड बघितलं की कळतं, एक भाग काळा गंजलेला असतो आणि एक भाग पांढरा चमकणारा. काळा म्हणजे चीर कित्येक महिन्यांपासून होती, चमकणारा म्हणजे काल-परवा गेला. चीर असलेला पाटा वेल्डिंग करून पुन्हा घालू देऊ नका. पाट्याचं पोलाद वेगळं असतं, वेल्डिंगच्या शेजारी ते पुन्हा तुटतंच. तसंच "गॅस मारून कमान देतो" म्हणणाऱ्यालाही नको म्हणा. एकाच जागी तापवलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. कमान गेली असेल तर सबंध पाटा भट्टीत तापवून, वाकवून, तेलात बुडवून कडक करून, मग ठिसूळपणा जाण्यापुरता पुन्हा तापवून थोडा नरम करावा लागतो. ती सोय नसेल तर नवा पाटा घ्यावा.

तुमचा तो जाड पाटा काढून टाकायचा. दोन्ही बाजूंचे पाटे मॅन्युअलमध्ये आहेत तेवढेच, त्याच जाडीचे, त्याच क्रमाने. एका बाजूला केलं ते दुसऱ्या बाजूला केलंच पाहिजे. एक पाटा कमी झाला की जुने यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) लांब पडतात आणि त्यांचे आटेही ताणलेले असतात, म्हणून यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे.

बाजूच्या पट्ट्या पाटे बाजूला सरकू नयेत म्हणून असतात, आवळून ठेवायला नाहीत. पट्टी आणि पाट्याच्या मध्ये थोडी फट राहिली पाहिजे. तुमच्या ठोकलेल्या पट्ट्या अर्ध्या गुन्हेगार आहेत.

बुश आणि शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी). रबरी बुश असेल तर पिनचे नट चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडी आपल्या वजनावर बसल्यावर आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली बसली की पिळलेलं राहतं. त्याने गाडी कडकही होते आणि बुश लवकर फाटतं. घाईत नव्वद टक्के ठिकाणी हेच होतं.

आणखी एक, आणि हे कोणी सांगत नाही. हौद्याखाली ॲक्सलला दांडी जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर पाटा काढल्यावर तो पुन्हा सेट करून घ्या. मागची बाजू किती दबली यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्याने गाडी मागे उचललेली असते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. पाटा काढल्यावर उंची बदलणार, तेव्हा सेटिंग ब्रेकच्या जाणकाराकडूनच.

घाटरस्ता

पाटे मोकळे करायला एवढं उतरवायची काय गरज? आम्ही सर्व्हिसिंगला खालून जळकं ऑइल आणि डिझेल मारून घेतो. आठ दिवस गाडी लोण्यासारखी चालते.

कमानपाटे

आठ दिवस चालते हे तुम्हीच सांगितलंत. नंतर त्या ऑइलवर धूळ बसते आणि पाट्यात कानस घालावी तसा चिकटा तयार होतो. शिवाय ते ऑइल बुशच्या रबराला लागतं, रबर फुगतं, मऊ होतं. ब्रेकच्या रबरी पाइपलाही तेच. ड्रममध्ये शिरलं तर ब्रेकच गेला.

पाटे सुटे केले असतील आणि टोकांना प्लॅस्टिकचे किंवा रबराचे गुटके नसतील तर ग्रेफाइट ग्रीसचा पातळ हात, जिथे टोक घासतं तिथेच. गुटके असतील तर ग्रीस नाही, गुटके झिजले असतील तर नवे टाका.

घाटरस्ता

बुशचं लक्षात आलं नव्हतं. माझे बुश दरवर्षी जातात. बघतो.

जुन्नरी_रोपं

काम झालं. संगमनेरला जाऊनच केलं, दिवसभर समोर होतो.

पाटे सुटे झाल्यावर मध्ये जे होतं ते सांगण्यासारखं आहे. दोन पाटे हातोडीने ठोकून वेगळे करावे लागले. आतल्या बाजूला कागदाच्या जाडीचे गंजाचे पापुद्रे, आणि त्यांच्या मधोमध विटांच्या भुग्याचा वडीसारखा घट्ट थर. टोकाकडच्या दोन बोटांच्या जागेत पाटा घासून चकचकीत असायला हवा होता म्हणे. तिथेही सगळा गंजच. म्हणजे किती काळ ते सरकलेच नव्हते! उजव्या बाजूच्या दुसऱ्या पाट्याला भोकाजवळ केसाएवढी चीर निघाली, तो पाटा नवा टाकला. जाड पाटे दोन्हीकडचे काढले. गाडी मागून थोडी खाली बसली, आता सरळ दिसते. ब्रेकचा व्हॉल्व्ह सेट करून घेतला.

चुना पुन्हा लावला. त्याच रस्त्याला, तेवढ्याच ट्रेवर, रेघ तीन बोटं रुंद. आणि मागचे शॉकअप हाताला गरम लागले! नवे शॉकअप पहिल्यापासून चांगलेच होते, त्यांना आता काम मिळालं.

आल्यावर ट्रे उतरवताना मुद्दाम खालच्या थरातली रोपं काढून बघितली. मागच्या चाकांच्या बरोबर वरचे ट्रे सर्वांत वाईट असायचे. गड्डे कप्प्यात बसलेले होते, मुळं शाबूत.

यंत्रवेडा

फार छान. रोपं शाबूत, यापेक्षा मोठं मोजमाप नाही. सिमेंटवर 65 ला काय?

जुन्नरी_रोपं

सिमेंटवर सांधे कळतात पण उड्या धरत नाही. एक गोष्ट राहिली आहे. 80 च्या वर, डांबर असो की सिमेंट, मागून बारीक थरथर येते. आधीही असेल, गोंधळात कळत नव्हती.

चाकं_आणि_मी

ही माझी. डाव्या मागच्या टायरला चढउतार आहेत म्हणालात ना? तुमच्या मापाचा टायर एका फेऱ्यात 2.2 मीटर जातो, 80 ला सेकंदाला 10 फेरे. ॲक्सल स्वतः ज्या वेगाने थरथरतो तो पट्टा तिथेच कुठेतरी असतो, म्हणून टायरमधला दोष त्या वेगाला उठून दिसतो.

आधी चाक उचलून हाताने फिरवा आणि टायरच्या जवळ एक खडू स्थिर धरा. रिम डुलते की टायर गोल नाही हे त्यावरून कळतं. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला असेल तर काढा, बॅलन्स बिघडायला तेवढा पुरतो. मग बॅलन्सिंग. चढउतार फार असतील तर बॅलन्सिंगने थरथर पूर्ण जाणार नाही. तो टायर काढून टाका. पुढे तर तो लावूच नका, स्टिअरिंगला धरेल.

आणि चढउतार आले कशाने, तर चाक इतके दिवस रस्त्यावर उडत होतं. नवा टायर तसा होणार नाही.

देवबागकर

मालवणहून. आमच्या गाड्या मासळीच्या. हौद्यातून बर्फाचं खारं पाणी दिवसभर पाट्यावर ठिबकतं. विटांचा भुगा नाही, पण पाटे दोन पावसाळ्यांत फुगून एक होतात आणि गाडी अशीच आपटते. आम्ही समजायचो रस्ते खराब. दरवेळी उतरवून घासणं परवडत नाही. काय करावं?

कमानपाटे

दादा, पाणी पाट्यावर पडूच नये हे पहिलं. हौद्याच्या भोकांना रबरी नळी लावून पाणी ॲक्सलच्या मागे सोडा, चेसिसवर आणि ब्रेकच्या पाइपवर पडणार नाही असं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा, साधा पाइप पुरे, जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलवर मारू नका. पाटे एकदा सुटे करून घासले की सगळीकडून प्रायमर आणि रंग मारून घ्या, फक्त टोकं घासतात ती जागा सोडून, तिथे ग्रेफाइट ग्रीस. पावसाळा संपला की चुन्याची रेघ काढून बघा. रेघ अर्ध्यावर आली की उतरवायची वेळ झाली.

जुन्नरच्या दादांना: यू बोल्ट नवे आहेत, ते बसतात आणि सैल पडतात. पाचशे किलोमीटरच्या आत पुन्हा टॉर्क लावून (ठरलेल्या जोराने आवळून) घ्या. गाडी जमिनीवर उभी असताना, चारही नट कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे. खताची फेरी त्याच्या आधी करू नका.

जुन्नरी_रोपं

उद्याच येतो. पारनेरला फ्लॉवरची रोपं द्यायची आहेत, येताना संगमनेरवरून.